पंचमीची कुदळ

माझा भाऊ माझ्यामुळे हरला, असं अमरावतीत आजही म्हणतात. म्हणणारे बहुतेक मेले, आता त्यांची पोरं म्हणतात. या पोरांनी ती कुस्ती पाहिलेली नाही. त्यांच्या बापांनीही धड पाहिली नव्हती, कारण ते सगळे त्या वेळी एकमेकांना ‘मी काय म्हणत होतो’ हे सांगण्यात गुंतले होते. आणि ही पोरं मला सांगतात ती कुस्ती कशी झाली. तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून म्हटलं, डोळे मिटायच्या आधी एकदा सगळं सांगून टाकावं. मला लिहिता येत नाही. नात लिहिते, मी बोलते. मध्येच ती थांबून विचारते, आजी, ही शिवी लिहू का? मी म्हणते लिही, आणि आणखी दोन बसतील एवढी जागा ठेव.

माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे कापूस. ती कापसाची वेडी वर्षं होती. सात समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या रुईला कधी नव्हे तो भाव आला होता. ज्याच्या बैलाला धड झूल नव्हती त्याच्या बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. पैसा आला तशी रिकामी दुपार आली आणि रिकाम्या दुपारीबरोबर पारावर बसणारे आले. पूर्वी पारावर म्हातारे बसत. आता धडधाकट गडी बसायला लागले, आणि बसून करायचे काय, तर पंचमीच्या कुस्तीत कोण जिंकणार ते सांगायचे.

आमच्याकडे कुस्त्यांचा हंगाम नागपंचमीला सुरू होतो. पहिली दंगल पंचमीची, मग दिवाळी, मग जत्रा. पण मान पहिल्या दंगलीचा. त्या वर्षी पहिली जोड ठरली ती अमरावतीची तालीम विरुद्ध अकोल्याची तालीम. अमरावतीकडून माझा धाकटा भाऊ. मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते, पण मान अशी की माझ्या दोन्ही हातांत मावायची नाही. अकोल्याकडून एक दांडगा पहिलवान, माझ्या भावाहून वयानं आणि वजनानं मोठा.

आखाड पुरता लागलाही नव्हता तेव्हापासून भाकितं सुरू झाली. अमरावतीचा एक कापसाचा दलाल होता, तो यात सगळ्यांच्या पुढे. जन्मात लंगोट लावला नाही, पण पार त्याचा. तालीम वस्तादानं उभी केली, माती वस्तादानं वाहिली, आणि तिथे हा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. त्याचं भाकीत असं, की आमचा पोरगा तंबाखू मळून व्हायच्या आत अकोल्याला पाडेल. तो हातावर तंबाखू घेऊन मळून दाखवायचा, एवढा वेळ, बस. दुसरा कुणी म्हणायचा, नाही, अकोलेवाला दमाचा आहे, दोनदा मळावी लागेल. यावर भांडणं व्हायची. माणसं एकमेकांशी बोलणं सोडायची. माणसाच्या पोराच्या अंगावर तंबाखूचा हिशेब चालला होता.

तिकडे सासरी वेगळं नव्हतं. माझा नवरा शांत माणूस, शेतातून येऊन गुपचूप जेवणारा. तोही बोलायला लागला. अकोल्याच्या पारावर म्हणे असं ठरलं होतं, की चिलीम पेटेपर्यंत अमरावतीचं पोरगं उताणं. हे तो मला जेवताना सांगायचा. मी भाकरी वाढत होते त्याच्या ताटात, आणि तो माझ्या भावाला उताणा पाडत होता. मी एकदा म्हटलं, तो माझा भाऊ आहे. तर म्हणाला, भाऊ आहे तर काय झालं, कुस्ती आहे. त्यानंतर मी महिनाभर त्याच्या आमटीत मीठ हात आखडूनच घातलं. त्याला कळलं नाही, कारण तोंड बोलण्यात होतं.

मला भीती हरण्याची नव्हती. हरतो तो उठून पुन्हा लढतो. माझी भीती दुसरीच होती. आमच्या माहेरच्या गल्लीतच, चार घरं सोडून, एक पहिलवान खाटेवर पडलेला होता. आदल्या हंगामात एका जत्रेत कडक जमिनीवर डोक्यावर आपटला आणि मानेखाली सगळं गेलं. त्याची बायको त्याला कूस बदलून द्यायची, घास भरवायची. पडवीतून कुणी गेलं की त्याचे डोळे तेवढे मागे मागे फिरायचे, मान फिरायची नाही. तो जिंकणार असंही याच पारानं सांगितलं होतं. आता पारावरचे त्याच गल्लीतून जात आणि त्या खाटेकडे पाहत नसत. मी सासरहून आले की आधी त्या बाईकडे जाऊन बसायची. तिथून उठताना दर वेळी मला भावाची मान आठवायची.

भाकितांचा गवगवा इतका झाला की गावोगावचे लोक येणार असं कळलं. धामणगाव, बाळापूर, मूर्तिजापूर, कुठकुठचे. मग दलालानं ठरवलं की तालमीचा जुना आखाडा पुरायचा नाही, दंगल कापसाच्या मैदानात घ्यायची. हे मैदान म्हणजे जिथे हिवाळ्यात कापसाच्या गाड्या लागत ती जागा. गाड्या रुतू नयेत, कापसाला माती लागू नये, म्हणून व्यापाऱ्यांनी तिथे मुरूम टाकून धुमसानं चोपून काढला होता. दगड परवडला. वस्ताद म्हणाला, तिथे घ्या, पण मधला मुरूम मांडीएवढा खणून काढा आणि तालमीची माती भरा. खणायचं ते चतुर्थीच्या दिवशी खणा, पंचमीला तुमच्यात जमिनीला कुदळ लागत नाही. वस्ताद मुसलमान, पण आमचे सण आमच्यापेक्षा त्याला नीट ठाऊक. सगळे हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं, जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची.

मी चतुर्थीला दुपारी अमरावतीला पोचले. श्रावणात पावसानं उघाड दिली होती, म्हणून गाडीवाटा कशाबशा चालू होत्या. आमच्या गाडीच्या मागेपुढे अकोलेवाल्यांच्या गाड्या, आणि वाटभर तीच बडबड. चतुर्थीला भावाचा उपास असतो. पोटात अन्न नाही, कानात चिलीम पेटेपर्यंत उताणा. गाडीतून उतरले तेव्हा डोकं भणभणत होतं.

आणि आमच्या गाड्या पोचल्या तशी अमरावतीची सगळी जत्रा अकोल्याचा पहिलवान पाहायला धावली. तो चालतो कसा, पाणी पितो कसं, डावा पाय आखडता टाकतो का. एकानं म्हणे सुतळी नेली होती त्याची मान मापायला. जे गडी मैदान खणायला लावले होते तेही धावले, दलालानंच त्यांना नेलं, मग उरलेल्या वेळात बड्या लोकांना बसायला मांडव घालायला लावलं. कुदळी भिंतीला टेकलेल्या तशाच राहिल्या. संध्याकाळी कुणाला तरी आठवलं. तोवर एक शहाणा म्हणाला, आता पंचमी लागली, आता जमिनीला लोखंड लावू नका. मग त्यांनी केलं काय, तर तालमीची माती आणून त्या चोपलेल्या मुरमावर पसरून दिली. वरून हळद टाकली, ताक शिंपडलं. लांबून पाहिलं तर आखाडा.

हे मला दुसऱ्या दिवशी पायानं कळलं. सकाळी बायका वारुळाला गेलो होतो, लाह्या-दूध वाहून परत येत होतो. वाट मैदानावरून होती. बाकीच्या कडेनं गेल्या, मी म्हटलं जिथे आपला भाऊ उतरणार ती माती पाहावी. बाईमाणसानं आखाड्यात जाऊ नये म्हणतात, पण तिथे तेव्हा कुणी नव्हतं. अनवाणी पाय ठेवला. बोटं मातीत गेली आणि टाच टणकन लागली. पुन्हा दुसरीकडे ठेवला. तसंच. सगळीकडे तसंच. मला तिथेच उभ्या उभ्या गल्लीतली ती खाट दिसली.

घरी आले तर भाऊ अंगाला तेल लावून बसलेला. मी म्हटलं, तू जमीन पाहिलीस का? त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिली म्हणाला. वस्तादानंही पाहिली होती, रात्री दलालाशी भांडूनही आला होता.

“मंग?” मी म्हटलं.

“बाई, विडा उचलला हाये म्या. आता जमीन नरम पाह्यजे म्हनलं, तर लोक काय म्हनतीन? भ्याला म्हनतीन.”

हे बोलताना तो हातानं स्वतःची मान चोळत होता. वीस वर्षांचं पोरगं. भीती त्याला होती, मला दिसत होती, आणि ती त्याला सांगता येत नव्हती, कारण पारावरच्या रिकामटेकड्यांनी सव्वा महिना त्याच्या नावानं तंबाखू मळली होती. मला त्या क्षणी त्याचा राग नाही आला. बाकी साऱ्या गावाचा आला.

मी तशीच उठले. माय मागून हाका मारत राहिली. मैदानात तोवर गर्दी जमायला लागली होती. मांडवाखाली दलाल, त्याच्याभोवती त्याची पलटण, आणि अकोलेवालेही त्यातच, माझा नवराही. सगळ्यांचे हात चालले होते, असा पाडेल, तसा पाडेल. मी डोक्यावरचा पदर नीट करून दलालासमोर जाऊन उभी राहिले. सांगितलं, खाली मुरूम आहे, माणूस मरेल. कुस्ती जुन्या आखाड्यात न्या, तिथली माती खोल आहे. तो म्हणाला, तिथे एवढी माणसं कुठे मावतील, लोक लांबून पाहायला आले आहेत. मी म्हटलं, मग इथे खणा. त्यावर सगळेच एकदम बोलायला लागले. पंचमी, नाग, कहाणी. शेतकऱ्याच्या नांगरानं नागाची पिल्लं मेली आणि नागिणीनं सूड घेतला, ती कहाणी मला सांगायला लागले. मला, जिनं आत्ताच वारुळावर लाह्या वाहिल्या होत्या. जणू हे मोठे देवभोळे. आदल्या दिवशी कुदळी हातात होत्या तेव्हा हे सुतळी घेऊन माना मापत होते.

वस्ताद बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, बेटी, मी आत्ता खणतो, मला कोण अडवतं. पण मी तुमच्या सणाला पहिली कुदळ घातली आणि तुझा भाऊ हरला, तर या गावात आमच्या मोहल्ल्याचं काय होईल ते तूच सांग. ते खरं होतं.

कुदळी भिंतीशीच होत्या. मी जाऊन एक उचलली. आधी कुणाला कळलंच नाही. बाई कुदळ घेऊन चालली आहे, नेत असेल कुठे. मी आखाड्याच्या मधोमध गेले, पदर खोचला, तेव्हा मांडवाखालचे उठून उभे राहिले.

“पंचमीच्या दिवशी कुदळ घालते?” दलाल तिथूनच बोलला. “भावाले खाते काय तू? का सासरच्यानं शिकवून पाठवली तुले?”

“या मुरमात कोनता नाग राह्यते?” मी म्हटलं. “मुंगी शिरत नाई याच्यात.”

आणि घातली. पहिल्या घावाला कुदळ उडून माघारी आली, खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. जमीन कशी होती ते त्या आवाजानं सगळ्यांना कळायला हवं होतं. दुसरी घातली, तिसरी घातली. एक ढेकूळ निघालं. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. उपासाचं अंग, सणाचा दिवस, भावासाठी धरलेलं व्रत आणि आपल्याच हातानं मोडत होते. मनात नागोबाला म्हणत होते, काय करायचं ते मला कर, त्याला नको. पण हात थांबवले नाहीत. मला धरायला कुणी पुढे आलं नाही. परक्या बाईला हात कोण लावणार? नवरा होता, त्याला सगळे म्हणत होते, आवर तिला. तो उभाच राहिला. तेवढं त्याच्या पदरात घालते.

मग वस्ताद आत आला. माझ्यापुढे हात केला.

“दे बेटी. पह्यली तं पडली. आता माह्या हातात दे.”

त्याच्या मागून तालमीची पोरं उतरली, हिंदूंची, मुसलमानांची, सगळी. जी कुदळ पहिल्यांदा घालायची कुणाची छाती होत नव्हती ती आता दुसऱ्यांदा घालायला सगळे तयार. उन्हं वर येईपर्यंत त्यांनी मधला मुरूम उपसून काढला आणि जुन्या आखाड्यातली माती गाड्यांनी आणून भरली. मी कडेला बसून राहिले. हाताला फोड आले होते. माय आली, माझ्याशेजारी बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, हिला तरी माझं पटलं. तर म्हणते, सणाच्या दिवशी हे काय केलंस, आता त्याचं कसं व्हायचं.

कुस्ती झाली. दुपार कलती झाल्यावर झाली आणि ना तंबाखूत आटोपली, ना चिलमीत. दोघंही घामानं-मातीनं ओळखू येईनात इतका वेळ चालली. माझा भाऊ वाईट लढला नाही. एकदा तर त्यानं अकोल्याच्या पहिलवानाला गुडघ्यावर आणलं, तेव्हा मीही ओरडले असेन. मग भावानं त्याचा पाय ओढायला हात घातला आणि त्या दांडग्यानं त्याला कमरेवरून उचलून उलटा टाकला. डोकं आधी गेलं. मी पाहिलं, पुढे होऊन पाहिलं. डोकं मातीत कानापर्यंत रुतलं आणि बाकीचं अंग त्यावरून घडी घालावी तसं पडलं.

मी नुसती त्याच्या मानेकडे पाहत होते.

मग तो हलला. कोपर टेकलं, उठून बसला, तोंडातली माती थुंकली आणि डोकं इकडून तिकडे झटकलं, भिजलेलं वासरू झटकतं तसं. दोन्ही बाजूंना. डाव्या, उजव्या. तो हरला होता आणि मान हलवत होता, आणि मी त्या गर्दीत मोठ्यानं हसत होते. माझ्या हसण्याचंही पुढे लोकांनी भांडवल केलं.

कारण मांडवाखाली लगेच सुरू झालं. दलाल म्हणाला, मी तर तेव्हाच म्हणालो होतो. काय म्हणाला होता? तंबाखू मळून व्हायच्या आत जिंकेल, हे म्हणाला होता. पण ते कुणाला आठवायचं नव्हतं. आता भाकीत असं झालं, की पंचमीला कुदळ घातल्यावर अमरावती हरणार हे त्यानं आधीच सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. वरून, ही अकोल्याची सून, सासरच्या पहिलवानासाठी जमीन भुसभुशीत करून दिली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आमच्या दारात येऊन बायका मायला सांगून गेल्या. ज्या माणसांनी मुरमावर माती पसरून माझ्या भावाला त्यावर उभं केलं होतं, त्यांना एकानं विचारलं नाही.

अकोल्याला तरी बरं असेल म्हणाल, तर तिथेही जळो. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडल्यावर नवऱ्यानं तोंड उघडलं. म्हणाला, तुझ्यामुळे आमच्या पहिलवानाच्या विजयाला बट्टा लागला. लोक म्हणतील नागाच्या शापानं जिंकला. मी म्हटलं, गाडी थांबवा. खाली उतरले आणि बराच वेळ गाडीच्या मागून पायी चालत गेले, कारण गाडीत बसले असते तर काहीतरी फेकून मारलं असतं.

पुढे लढाई संपली, कापूस पडला, शेंब्या शिंगांवरून उतरल्या. पार मात्र ओस पडला नाही. भाकितं फुकट असतात. दर वर्षी आखाड लागला की तिथे नवी पोरं आणि नवी तंबाखू. गल्लीतला तो खाटेवरचा पहिलवान दोन पावसाळ्यांनी गेला. त्याच्या बायकोनं मला निरोप पाठवून बोलावलं होतं. तिनं माझे हात हातात घेऊन नुसते पाहिले.

नवरा गेल्यावर मी माहेरीच येऊन राहिले. भाऊ म्हातारा झालाय. पोरं झाली, नातवंडं झाली, दोन पोरींची लग्नं त्यानं स्वतः मांडवाचे खांब खांद्यावर वाहून केली. आता तोही पारावर बसतो. पंचमी जवळ आली की पोरं त्याच्याभोवती गोळा होतात, बाबा, यंदा कोण मारेल? आणि हा सांगतो. मग पोरं विचारतात, बाबा, तुमची ती अकोल्याची कुस्ती कशी गेली? मी समोरच्या ओट्यावर बसून वाती वळत असते, मला सगळं ऐकू येतं.

“तठी बसली हाये ना, माही बहीन,” तो त्यांना सांगतो. “तिनं कुदळ घातली नसती, तर तमाखू मळून व्हाच्या आंधी पाडला असता म्या त्याले.”

मला अजून राग येतो. वाती टाकून उठावं आणि त्याला सगळ्यांसमोर विचारावं असं वाटतं, की त्या दिवशी तेल लावताना मान कोण चोळत होतं. पण हे सांगताना तो दर वेळी मी कुठे बसलेय ते पोरांना दाखवायला माझ्याकडे वळून बघतो. अंग पोरांकडेच असतं, नुसती मान वळवतो, पार खांद्यापर्यंत. ती मान वळलेली मी बघते आणि पुढची वात हातात घेते.